आधी कीड येते, मागनं तिला खाणारे येतात

श्रावण लागला की माझ्या फोनवर उसाच्या पानांचे फोटो यायला सुरुवात होते. पाहुण्यांचे, गावातल्या पोरांचे, कधी कधी ज्यांना मी ओळखतही नाही अशांचे, कुणीतरी नंबर दिलेला असतो. पान उलटं धरून काढलेला फोटो, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरं पांढरं, म्हणजे पानाचा रस पिणारा लोकरी मावा, आणि खाली एकच ओळ, "दादा काय मारू?" किती रानात आहे, कधीपासून आहे, ऊस केवढा झालाय, यातलं काहीच नाही, डायरेक्ट काय मारू. मी सगळ्यांना एकच परत विचारतो, त्या पांढऱ्यात अजून काही हलताना दिसतंय का बघ आणि जवळनं एक फोटो काढ. निम्मी लोकं पाठवतच नाहीत, तोवर दुकानातनं बाटली घरी आलेली असते. जे पाठवतात त्यांच्या फोटोत बऱ्याच वेळा पांढऱ्या लोकरीत एक अळी बसलेली असते आणि ती उसाची शत्रू नसून तोच मावा खायला आलेली असते. हे प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

मला सांगायचंय ते एवढंच की कीड आणि तिला खाणारा हे एका दिवशी शेतात येत नाहीत. कीड आधी येते, वाढते, आणि खायला भरपूर झालं की मग खाणारे येतात. या दोघांच्या मधे जे काही दिवस जातात ना, त्यातच शेतकऱ्याचा धीर सुटतो, पैसा जातो, आणि नेमकं त्याच दिवसांत मारलेलं औषध किडीपेक्षा तिच्या शत्रूला जास्त लागतं. आपल्या सांगली जिल्ह्यानं हे एवढ्या मोठ्या प्रमाणात बघितलंय की दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला हे सांगायचा एवढा अधिकार नसेल.

२००२ च्या जुलैमधे लोकरी मावा महाराष्ट्रात पहिल्यांदा दिसला तो आपल्याकडंच, सांगली जिल्ह्यात. आता वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हे माहीत नाही पण ज्यांनी तो हंगाम बघितलाय त्यांना नुसतं नाव काढलं तरी आठवतं. बघता बघता वाळवा, पलूस, कराड, तिकडं कोल्हापूर, खाली बेळगाव-बागलकोट, वर पुणे-नगरपर्यंत पसरला. उसाच्या फडात शिरलं की वरनं कापूस पिंजून टाकल्यागत सगळं पांढरं, डोक्यावर, शर्टावर, भुवयांवर ती लोकर चिकटायची. भांगलायला बायका आत जायला तयार नसायच्या. मावा पानाच्या खालच्या बाजूला बसून रस पितो आणि त्याच्या अंगातनं जो गोड चिकट पाझर पडतो तो खालच्या पानांवर सांडतो, मग त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, म्हणजे वरच्या पानाचा तळ पांढरा आणि खालच्या पानाचा माथा काळा. काळ्या पानाला ऊन घेता येत नाही, ऊस पोसत नाही, साखरेचा उतारा पडतो. जनावरांना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकावं का नको इथनं लोकांचे वाद. त्यात दुष्काळ. २००३-०४ च्या हंगामात राज्याची साखर जी जोरात घसरली त्याला ही दोन्ही कारणं होती.

हा मावा जगाला नवीन नव्हता. सेराटोव्हॅकुना लॅनिजेरा हे त्याचं शास्त्रीय नाव, १८९७ ला जावा बेटावरच्या उसात त्याची नोंद झाली, आपल्या देशात पश्चिम बंगालमधून १९५८ ची नोंद आहे, आणि आसाम-नागालँडच्या बाजूला तर तो जुनाच रहिवासी. पण तिकडं त्याचा कधी एवढा बोभाटा झाला नाही. का नाही झाला, याचं उत्तरच पुढं आपल्या कामाला आलं, त्यावर येतो.

आधी हे बघा की तो एवढ्या झपाट्यानं वाढला कसा. आपल्याकडं जो मावा आहे त्यात सगळ्या माद्याच. नर लागत नाही, अंडी घालायची नाहीत, मादी थेट जिवंत पिल्लं देते आणि ती पिल्लं चार वेळा कात टाकून परत आई होतात. पानावर गर्दी झाली की काही पंखवाल्या माद्या तयार होतात, काळपट रंगाच्या, त्या वाऱ्यावर पुढच्या रानात. त्यात आपण वाडं ट्रॉलीत भरून गावोगाव नेतो, म्हणजे वाऱ्यानं जेवढं नेलं नसेल तेवढं आपण नेलं. ढगाळ दमट हवा त्याला मानवते, पावसाळा सरता सरता तो जोरात असतो आणि उन्हाळ्यात आपोआप कमी होतो.

आता यावर औषध मारायचं म्हणजे काय ते डोळ्यापुढं आणा. आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस, डोक्याच्या वर गेलेला, आडवा पडलेला, आत माणूस शिरत नाही. मावा पानाच्या खाली. अंगावर मेणाची लोकर, त्यावरनं पाणी निथळून जातं. पाठीवरचा पंप घेऊन आत शिरलेला गडी औषध स्वतःच्या तोंडावर घेत बाहेर यायचा. लोकांनी भुकटी धुरळली, एचटीपी म्हणजे जोराच्या दाबाचे मोठे पंप लावले, लांबून फवाऱ्याची गन मारून बघितली. बांधाकडंच्या चार सऱ्या स्वच्छ व्हायच्या आणि मधल्या तशाच. आणि पंधरा दिवसांत त्या मधल्यातनं परत बांधापर्यंत. आमच्या गावात त्या वर्षी औषधाची उधारी उसाच्या बिलातनं वळती झालेली घरं मला माहीत आहेत.

आणि मग ती अळी दिसायला लागली. डिफा अ‍ॅफिडीव्होरा, म्हणजे एका लहान करड्या पतंगाची अळी. सुरुवातीला कुणी सोडलेली नव्हती, मावा वाढला तशी ती आपणहून फडात दिसायला लागली. आपल्या डोक्यात अळी म्हणजे पीक खाणारी हेच पक्कं बसलेलं, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी मावा आणि अळी दोन्हीला मिळून औषध द्या असंच लोकांनी मागितलं. पण ही अळी पान खातच नाही. ती माव्याच्या वस्तीत शिरते, स्वतःच्या रेशमाचं आणि माव्याच्याच लोकरीचं एक जाळीदार भुयार विणते आणि त्यात लपून आजूबाजूचा मावा खात पुढं सरकते. एखाद्या पानावर पांढरा थर सलग न दिसता मळकट, जाळी-जाळीचा, मधे मधे रिकामा झालेला दिसला की समजायचं काम सुरू झालंय. भुयार हळूच काडीनं उकललं की आत अळी सापडते, नाहीतर पानाला चिकटलेला तिचा कोष.

दुसरा मायक्रोमस इगोरोटस. हा दिसायला अगदीच साधा, तपकिरी जाळीदार पंखांचा एवढुसा किडा. याची अळी दोन्हीकडं निमुळती आणि पुढं विळ्याच्या आकाराचे जबडे, एका माव्यावरनं दुसऱ्यावर अशी पळत असते की फोटो हलतो. डिफाचा पतंग मावा खात नाही, फक्त अळी खाते, पण मायक्रोमस मोठा होऊन पंख फुटल्यावरही मावाच खातो. त्याची पिढी पण लवकर पुरी होते. सिरफिड माशीच्या अळ्या, ढालकिडे हे पण येतात पण खरं वजन या दोघांचं.

पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथं आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळांमधे मग डिफा आणि मायक्रोमस वाढवायचं काम सुरू झालं. पद्धत ऐकून लोकांना तेव्हा नवल वाटायचं, की शेडनेटच्या आत ऊस लावायचा, त्यावर मुद्दाम मावा सोडायचा, तो वाढला की त्यावर डिफा सोडायची आणि मग अळ्या-कोष असलेली पानं कापून शेतकऱ्याला द्यायची. शेतात त्या पानांचे तुकडे माव्याच्या पानाला टाचायचे एवढंच. शिफारस हेक्टरी डिफाच्या १००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २५०० अशी होती, म्हणजे एकरी ४०० किंवा १०००. लाखो करोडो माव्यांपुढं एकरी चारशे अळ्या. आमचे आबा तेव्हा म्हणाले होते, "आरं एवढ्यानं काय हुतंय, ह्या एका पानाला फुरणार न्हाईत." पण ते चारशे म्हणजे बियाणं होतं. त्यांनी खायचं, कोष करायचा, पतंग व्हायचं, अंडी घालायची, खरं काम त्यांची पोरं करणार. म्हणजे पुन्हा तेच, वेळ. आणि त्या वेळात पंप अडकवून ठेवायचा.

तिसरा मदतनीस लांबनं आला. एन्कार्सिया फ्लॅवोस्क्युटेलम ही एक सूक्ष्म गांधीलमाशी, टोचण्याशी माणसाचा काही संबंध नाही, दिसते ती नुसती ठिपक्याएवढी. या एन्कार्सियाच्या बाकीच्या बहुतेक भाऊबंद पांढरी माशी आणि खवलेकिडीवर जगतात, ही मात्र माव्याच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू माव्याला आतनं संपवतं. ईशान्येकडं लोकरी मावा शांत का होता त्याचं मोठं कारण ही. तिकडं मावा आणि ती दोघं बरोबरच नांदत होते. आपल्याकडं मावा एकटा आला, ती मागं राहिली. बेंगळुरूच्या जैविक कीड नियंत्रण संस्थेनं आणि बाकीच्या केंद्रांनी ती आसामकडून आणून कर्नाटकात, महाराष्ट्रात, तमिळनाडूत सोडली आणि ती इथं रुजली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मावा खाली बसला. आजही दरवर्षी दिसतो, कृष्णाकाठच्या दाट ओल्या रानात पहिला दिसतो, पण ठिगळा-ठिगळानं. सबंध जिल्हा पांढरा असं परत कधी झालं नाही.

मला हे सगळं फार मोठं वाटतं. एवढा गाजावाजा झालेली कीड आणि तिला खाली बसवणारे तीन किडे, आणि आमच्या गावात आज शंभर लोकांना विचारलं तर पाच जणांना पण त्यांची नावं सांगता येणार नाहीत. औषधांची नावं मात्र पोराटोरांना पाठ आहेत, टेक्निकल म्हणजे आतल्या रसायनाच्या नावासकट.

आता मधल्या दिवसांचं थोडं खोलात. खाणारा उशिरा का येतो? पहिलं म्हणजे त्याला खायलाच नसेल तर तो तिथं राहील कशाला, दोन-चार माव्यांवर डिफाची मादी अंडी घालत नाही, कारण पोरं उपाशी मरतील. दुसरं, माव्याला नर नको अंडी नको, याला सगळं लागतं, अंडी, अळी, कोष, पतंग, जोडीदार. म्हणून सुरुवातीला मावा पुढं पळतो आणि हा मागनं. पण एकदा हा जवळ पोचला की गणित फिरतं. आता आपण नेमकं कधी फवारतो? मावा डोळ्यात भरतो तेव्हा. म्हणजे खाणारा नुकताच येऊन पोचलाय, थोडाच आहे, तेव्हा. मावा पानाखाली, लोकरीत, दाट फडात, म्हणून त्यातला बराच वाचतो. उघड्यावर फिरणारा मायक्रोमस आणि ती सूक्ष्म माशी यांना अंगावर मेण नाही काही नाही, ते पहिले जातात. वाचलेल्या माव्याला आता कुणी वैरीच नाही, तो पहिल्यापेक्षा जोरात येतो आणि आपण म्हणतो औषध डुप्लिकेट निघालं.

म्हणून माझं सांगणं असतं की पानं उलटून बघा आणि मोजा. एका कोपऱ्यातली नाही, फडाच्या चार-पाच जागची. मावा असलेल्या पानांपैकी किती पानांवर डिफा किंवा मायक्रोमस दिसतो ते बघा, आठवड्यानं परत बघा. ती पानं वाढत असतील तर पंप घरात राहू दे. एकही पान तसं नसेल आणि मावा वाढतच असेल तर आधी ओळखीच्या फडातनं डिफावाली पानं आणून टाचा, हे फुकट होतं, शेजाऱ्याकडनं विरजण मागतो त्यात आणि यात मला काही फरक वाटत नाही.

ट्रायकोकार्डाबद्दल, म्हणजे ट्रायकोग्रामा माशी असलेल्या कार्डाबद्दल, पण लिहायला पाहिजे कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि तरी नीट वापरलं जात नाही. खोडकिडीसाठी आपण ते लावतो. लागणीनंतर ऊस लहान असताना मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची गुंडाळी, वाळतो, ओढला की सहज हातात येतो आणि घाण वास येतो, ती खोडकीड. तिचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला चपटी अंडी एकावर एक अशा रांगांनी घालतो. अळी एकदा खोडात शिरली की तिला बाहेरनं औषध लागणं अवघड, म्हणून तिला अंड्यातच गाठायचं. ट्रायकोग्रामा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची गांधीलमाशी. पतंग अंडी घालताना त्याच्या पंखाचे बारीक खवले तिथं पडतात, त्यांच्या वासावरनं ही माग काढते. एवढुशा अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आतलं सगळं तिचं पिल्लू खातं, तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं आणि त्यातनं अळीच्या जागी नवी ट्रायकोग्रामाच बाहेर येते.

कार्डावर जी काळी पूड चिकटवलेली दिसते ती खोडकिडीची अंडी नसतात. धान्यात होणारा एक पतंग असतो, कॉर्सिरा नावाचा, त्याला प्रयोगशाळेत भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर वाढवतात, त्याची अंडी गोळा करून त्यातला जीव अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली मारतात म्हणजे त्यातनं अळी निघत नाही, मग ती कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामापुढं ठेवतात. एका कार्डावर २०,००० च्या आसपास अंडी. म्हणजे कार्ड म्हणजे जिवंत माल आहे, त्याला तारीख आहे, तो दूध-भाजीच्या जातीचा आहे, खताच्या पोत्याच्या नाही. एका दुकानात कार्डांचा गठ्ठा काउंटरवर काचेतनं येणाऱ्या उन्हात पडलेला मी बघितलाय, त्यातली माशी बाहेर येऊन काचेवरच मेलेली. ते कार्ड शेतकऱ्यानं लावलं आणि गुण आला नाही तर तो परत कधी लावेल का?

लावायचं कसं तर एकरी एक कार्ड, पट्ट्या कातरीनं अलग करून रानभर पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, सगळ्या एका ठिकाणी नाही कारण ती माशी फार लांब उडत नाही. सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना. पाऊस डोक्यावर असेल तर थांबा. दहा-दहा दिवसांनी परत, चार ते सहा वेळा, कारण पतंग पण एकदमच अंडी घालून जात नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्ड लावायच्या आधी-नंतरच्या दिवसांत कीटकनाशकाची फवारणी नाही. एका हातानं कार्ड आणि दुसऱ्या हातानं फवारा हे मी दरवर्षी बघतो आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसे दोन्हीकडचे गेलेले असतात.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांचा प्रश्न वेगळा, पिठ्या ढेकणाचा. तो सालीच्या आत लपतो, वरनं पांढरं पीठ, मुंग्या त्याची राखण करतात कारण त्याचा गोड पाझर त्यांना पाहिजे असतो. घडात शिरला की माल गेला, आणि काढणी जवळ आल्यावर औषध मारता येत नाही, औषधाचा अंश सापडला तर परदेशी पाठवलेला कंटेनर परत. तिथं क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा कामाला येतो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या देशात १८९८ ला आणलेला, दक्षिणेतल्या कॉफीवरच्या हिरव्या खवलेकिडीसाठी आणला होता आणि नाव काढलं ते पिठ्या ढेकणावर. याच्यात एक अडचण आहे ती बागायतदारांनी ध्यानात ठेवावी. त्याच्या अळीच्या अंगावर पण पांढरे मेणाचे झुपके असतात, त्यामुळं ती पिठ्या ढेकणाचाच मोठा भाऊ वाटते आणि लोक ती चिरडतात. ढेकूण जागेवर बसून असतो, अळी चालते, आणि तिचे झुपके लांब असतात, एवढं बघितलं तरी ओळखू येते. आणि मुंग्यांचा बंदोबस्त आधी करायचा, नाहीतर त्या ढालकिड्याला ढेकणापर्यंत पोचूच देत नाहीत.

पिठ्या ढेकणावरनं साबुदाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एकादशीला आपण जो साबुदाणा खातो तो तमिळनाडूत सेलमच्या भागात कसाव्याच्या कंदापासनं होतो. या कसाव्याचा एक पिठ्या ढेकूण १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतनं आफ्रिकेत गेला आणि तिथं कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न धोक्यात आलं. त्याचा शत्रू कुठं आहे ते शोधत शास्त्रज्ञ त्याच्या मूळ मुलखात गेले, १९८१ ला पॅराग्वेमधे ढेकूण सापडला आणि त्याच्याबरोबर त्याला संपवणारी अ‍ॅनागायरस लोपेझी ही गांधीलमाशी पण. ती नायजेरियात सोडली, मग देशोदेशी. त्या कामाचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोच ढेकूण २०२० ला केरळात सापडला, तिथनं तमिळनाडूत, आणि यावेळी औषधं मारत बसण्याऐवजी बेंगळुरूच्या संस्थेनं तीच माशी आफ्रिकेतनं मागवली, तपासली, वाढवली आणि २०२२ ला सेलम जिल्ह्यात सोडायला सुरुवात केली. पपईच्या पिठ्या ढेकणाचं पण हेच झालं होतं, २००८ ला कोइमतूरला आला, २०१० ला पोर्टो रिकोहून तीन जातींच्या सूक्ष्म गांधीलमाश्या आणल्या आणि पपई वाचली. म्हणजे परक्या मुलखातनं आलेली कीड असेल तर तिचा वैरी पण तिच्या गावातनंच आणावा लागतो. लोकरी माव्याला आसाम, पपईला पोर्टो रिको, कसाव्याला पॅराग्वे.

सगळ्याच किडींना असा जालीम वैरी मिळतो असं मात्र नाही आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अमेरिकन लष्करी अळी २०१८ ला देशात आली, त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात मका तर सोडाच उसात पण सापडली. तिची अंडी फोडणारी टेलेनोमस माशी आहे, ट्रायकोग्रामा आहे, पावसाळी हवेत तिच्यावर वाढणारी बुरशी आहे, पण अळी पोंग्यात शिरून वर आपल्याच विष्ठेचं झाकण करून बसते, तिथं या सगळ्यांचा जोर कमी पडतो, मका तीन आठवड्यांचा असताना लक्ष दिलं नाही तर वाट बघण्यात पीक जाईल. तिथं मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे, अंडीपुंज हातानं चुरडणं आणि गरज पडली तर शिफारशीचं औषध हे करावंच लागतं. हुमणीचं, म्हणजे जमिनीतल्या भुंगेऱ्याच्या अळीचं, पण तसंच. खालनं मुळं खाल्ल्यावर ऊस हातानं उपटून येतो तेव्हा काही हाती उरत नाही. मेटारायझियम बुरशी चांगली, १८७९ ला मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं गव्हावरच्या भुंगेऱ्यावर ती वापरून बघितली होती एवढा तिचा इतिहास जुना, पण तिला ओल लागते, शेणखतात मिसळून पावसाच्या सुरुवातीला द्यावी लागते, सप्टेंबरात ऊस वाळल्यावर टाकून उपयोग नाही. त्यापेक्षा वळवाचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की दिवस मावळल्यावर कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे येतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या रानातला भुंगेरा तुमच्या रानात अंडी घालतो. ज्या गावांनी मिळून हे केलं तिथं फरक पडलेला मी बघितलाय.

शेवटचा विषय पाचटाचा, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहणाऱ्या वाळल्या पानांचा, कारण तोडी आता सुरू होतील. ऊस गेला की संध्याकाळी काडी लावायची ही आपली जुनी सवय. उसावर पाकोळी येते, म्हणजे पायरिला नावाचा रस पिणारा किडा, तिच्यावर एपिरिकॅनिया नावाचा एक लहान पतंग जगतो, त्याची अळी पाकोळीच्या पाठीला चिकटून तिचा रस पिते आणि मग पानावर पांढरा कोष करते. हे कोष, त्याची अंडी, कोळी, जमिनीवरचे भक्षक भुंगेरे, सगळे त्या वाळल्या पानांत असतात. काडी लावली की हे सगळे जातात, पाकोळी मात्र उडून शेजारच्या हिरव्या उसात जाते आणि खोडवा, म्हणजे बुडख्यातनं परत वाढणारा ऊस, फुटला की परत येते, खाणारे मात्र परत शून्यातनं.

त्यामुळं पाचट जाळू नका. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, पाचट सरीत दाबा किंवा कुट्टी करा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवायचं जिवाणू खत टाका आणि मग पाणी द्या. पाकोळी जास्त असलेल्या फडात कोष दिसणारी पानं तोडीच्या वेळीच बाजूला काढून ठेवा आणि ज्याच्या उसात पाकोळी आहे पण कोष दिसत नाहीत अशा शेजाऱ्याला द्या, त्यानं ती पानाला टाचायची. तोडकऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर ते निघताना सवयीनं पेटवून जातात.